नाचणीची बिअर आणि पहिल्या रांगेतली खुर्ची

"यंदाची फायनल मी मैदानात बसून बघणार. पहिल्या रांगेत! आणि कप आला ना, तर मी स्वतः बनवलेल्या बिअरनं धुणार तो!"

प्रशांतनं हे छातीवर हात मारून सांगितलं, आणि पारावर बसलेली आख्खी कबड्डीची टीम अशी गप्प झाली, जसं काय कुणी त्यांच्या ताटात पाल टाकली!

आता तुम्ही म्हणाल, एक पोरगा मॅच बघतो म्हणाला, त्यात एवढं काय? अरे, तुम्हाला प्रशांत माहीत नाय म्हणून! मुरबाडच्या बाजूला आमचा करवंदपाडा, तिथला हा. कंपनीत कामाला, स्वभावानं सोनं, कुणाच्या अध्यात नाय मध्यात नाय. पण पनवती! म्हणजे साधी नाय, आयएसआय मार्क पनवती! दोन हजार तीनची वर्ल्डकप फायनल यानं पहिल्या बॉलपासून बघितली. काय झालं ते आख्ख्या देशाला माहीत आहे. दोन हजार सातच्या वर्ल्डकपला यानं हौसेनं नवा कलर टीव्ही आणला. टीव्हीवरचं प्लास्टिक निघायच्या आत आपली टीम घरी! आणि त्याच वर्षी वीस-वीसचा कप आपण जिंकलो, तेव्हा हा कुठं होता? सेकंड शिफ्टला! मशीनवर!

हे देशाचं झालं. गावाचं तर विचारूच नका. आमचं पंचशील क्रीडा मंडळ दरवर्षी फायनलला जायचं, दरवर्षी प्रशांत बघायला यायचा, आणि दरवर्षी कप दुसऱ्याच्या टेम्पोत बसून जायचा. शेवटी मंडळानं मीटिंग घेऊन ठराव केला, की मॅचच्या दिवशी प्रशांतनं गावाच्या वेशीबाहेर राहायचं. ठराव एकमतानं पास! प्रशांतनं स्वतः हात वर केला होता, इतका तो भला.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. कॅप्टन कुंडलिकचा गुडघा गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे शेवटचं वर्ष. प्रशांत आणि कुंडलिक बालवाडीपासूनचे दोस्त. एकाच पाटीवर दोघांनी थुंकी लावून पुसलेलं! कुंडलिकच्या हातात कप बघायचा, ही प्रशांतची एकच इच्छा. ती यंदा नाय, तर कधीच नाय.

"प्रशांत, तुला माझी शपथ हाय," कुंडलिक हात जोडून म्हणाला. "माझी शेवटची मॅच. तू शहापूरला जा, सिद्धगडावर जा, कुठं पण जा. हवं तर मी एसटीत बसवून देतो."

"अरे पण पनवती संपली तर?"

"ती कशी संपणार? सिलिंडरात भरलीय का ती, गॅससारखी?"

"मी आतापर्यंत जे हातात घेतलं ते बिघडलं. बरोबर? मग एक गोष्ट फर्स्टक्लास जमवून दाखवतो. जगातली सगळ्यात अवघड गोष्ट. बिअर! जमली तर पनवती संपली असं समजायचं आणि मला खुर्ची द्यायची. बोल!"

कुंडलिकनं टीमकडं बघितलं. टीमनं आभाळाकडं बघितलं. आणि कुंडलिक म्हणाला, "चल, डन!" कारण त्याला खात्री होती, की हे काय जमत नाय.

आता हे बिअरचं खूळ आलं कुठनं? तर पुण्यातनं! कंपनीनं प्रशांतला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलेलं. तिथल्या साहेबानं एके दिवशी याला एका नव्या हॉटेलात नेलं. तिथं बिअर बाटलीत येतच नव्हती. तिथंच मोठ्या चकचकीत टाक्या, टाकीत बिअर शिजते, टाकीला नळ, नळाखाली ग्लास! साहेब म्हणाला, ही क्राफ्ट बिअर. प्रशांतनं एक घोट घेतला. केळ्याचा वास, लवंगेची चव, वर साईसारखा फेस. प्रशांतनं डोळे मिटले ते ट्रेनिंग संपेपर्यंत उघडलेच नाहीत!

परत आला तो माणूसच बदलून आला. हायवेच्या ढाब्यावर बसला, की ग्लास नाकाला लावून तंबोरा लावल्यासारखा हुंगत बसायचा.

"हिला बॉडी नाय, पातळ हाय," वेटरला म्हणायचा.

"शेठ, चिकन मागवा, त्याला बॉडी हाय," वेटर म्हणायचा.

तर, प्रशांत कामाला लागला. शहापूरच्या सायबर कॅफेत जाऊन कृती काढून आणली. त्यात पहिलंच सामान, मोड आणून वाळवलेलं जव. आता आमच्याकडं जव कुठलं? पण मोड आणायचेच, तर नाचणीला काय धाड भरली? नाचणी घरात पोतंभर! झालं. मग खमीर. ते बेकरीवाल्याकडनं आणलं. मग कृतीत होतं, हॉप्स. म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं. प्रशांत गेला किराणावाल्याकडं.

"हॉप्स हाय का?"

"हापूस? डिसेंबरमंदी? अरे झाडाला मोहोर तरी येऊ दे!"

"हापूस नाय ओ, हॉप्स! कडू असतं ते!"

"कडू पायजे ना? मग किराईत ने!"

आणि प्रशांतनं किराईत नेलं! तेच, लहानपणी ताप आला की आई नाक दाबून पाजायची ते. जिभेवर पडलं की सात पिढ्या आठवतात ते किराईत!

हे सगळं करायचं चोरून. का? कारण प्रशांतची आई! चिमाबाई! करवंदपाड्याच्या महिला दारूबंदी समितीची अध्यक्षा! त्या बाईनं ओढ्याकाठच्या तीन हातभट्ट्या स्वतःच्या हातानं फोडलेल्या. रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणायची, आणि पाचवं शील, दारू न पिण्याचं, ते जरा जास्तच जोरात म्हणायची. म्हणजे आजूबाजूच्या चार घरांतल्या बाप्यांना ऐकू जावं म्हणून! आणि तिच्या पोटचा पोरगा मागच्या पडवीत बिअर शिजवतोय! वाघाच्या गुहेत बकरीनं खानावळ काढावी, तसं!

पहिला माल तयार झाला. प्रशांतनं सोड्याच्या बाटल्यांत भरला, बुचं ठोकली आणि लपवला कुठं? आईच्या खाटेखाली! तिथं कोण बघणार?

बघणार कुणी नव्हतं. पण त्या दुपारी दारूबंदी समितीची मीटिंग होती. त्याच खाटेवर! मधोमध चिमाबाई, एका बाजूला लहानी, दुसऱ्या बाजूला बाईजा. चिमाबाई म्हणत होती, "आपल्या गावात आता दारूचा एक थेंब पण उरलेला नाय..."

धडाम!

पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग लायनीत सगळ्या! खाट अशी उडाली, की समिती जमिनीवर आणि अध्यक्षा बाईजाच्या मांडीवर! पडवीतनं प्रशांत धावत आला, तर खाटेखालनं फेसाचा ओहोळ वाहतोय.

"प्रशांत! काय रे हे?"

संकटात माणसाला बुद्धी सुचते, आणि पनवतीला नको ती सुचते.

"आये... आंबील हाय! नाचणीची आंबील! टीमला फायनलला ताकद यावी म्हणून केली. जरा... जास्त आंबली."

तिघींनी वास घेतला. आता या बायांची नाकं म्हणजे पोलिसांची कुत्री! मोहाची दारू तीन शेतांपलीकडनं ओळखायच्या. पण इथं मोहाचा वास नव्हताच! इथं वास नाचणीचा, केळ्याचा आणि किराईताचा. नाकं गंडली!

"नाचणीच हाय गो," लहानी म्हणाली.

"आन् किराईत पण घातलंय. औषधी हाय," बाईजा म्हणाली.

चिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! ज्या टीमनं याला वाळीत टाकला, तिच्यासाठी राबतो माझा लेक! प्रशांत, तू कर आंबील. फायनलला आमची समितीच वाटंल सगळ्यांना!"

प्रशांतनं मान डोलावली. बायका बोलतात नि विसरतात, असं त्याला वाटलं. आता सांगा, इतक्या वर्षांत स्वतःची आई नाय ओळखली यानं!

दुसरा माल मात्र जमला! या वेळी यानं बाटल्यांचा नादच सोडला. निळा प्लास्टिकचा ड्रम घेतला, झाकण घट्ट बसवलं आणि वरनं गोणपाट घातलं. चव बघायला रोज संध्याकाळी कुंडलिक यायचा. पहिल्या दिवशी एक ग्लास प्याला आणि असा ढेकर दिला, की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला!

"गॅस लई हाय रे याच्यात!"

"त्याला कार्बोनेशन म्हणतात."

"म्हणत असतील. माझ्या छातीत म्हैस अडकलीय!"

पण गडी चिवट. रोज एक ग्लास. हळूहळू त्याला युक्ती सापडली. ढेकर आला, की हनुवटी छातीला लावायची, पोट आत घ्यायचं, आणि ढेकर परत खाली पाठवायचा. शेवटी शेवटी तर ग्लासभर पिऊनसुद्धा तोंडातनं हूं नाय की चूं नाय!

फायनलच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ग्लास संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "पश्या, जमली! खरंच जमली रे! उद्या ये मैदानात. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत!"

प्रशांतला तर काय करू नि काय नको झालं! सकाळी उठला, नवा शर्ट घातला आणि मॅच दुपारची असून चहा पिऊन मैदानात जाऊन बसला. मैदान म्हणजे भाताची कापणी झालेलं रान, एका कडेला पेंढ्याची मोठी उडवी, दुसऱ्या कडेला माइकचं टेबल. माइकवर काळूमामा. टेबलाला लागूनच प्रशांतची खुर्ची. ड्रम घरी एकटाच आहे, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाय.

समोरची टीम डोळखांबकडची. कॅप्टन धाकलू. नाव धाकलू, पण बाप्या असा थोरला, की त्याच्या सावलीत भाजीवालीनं दोन पाट्या मांडून बसावं! मॅच सुरू झाली आणि आमचं मंडळ धाडधाड पडायला लागलं. धाकलू यायचा, दोघांना शिवून आरामात जायचा. हाफटाइमला आठ पॉइंटनी मागं! आख्खं गाव मैदान सोडून प्रशांतकडं बघायला लागलं.

"कोणी आणला रे याला?"

"पंचशीलला पनवती भोवली!"

प्रशांत खुर्चीत इतका आत गेला, की नुसता शर्ट बसलाय असं वाटत होतं. आणि तेवढ्यात लांबनं हलगी ऐकू आली.

बायकांची मिरवणूक! पुढं फलक, "दारू सोडा, आंबील प्या!" फलकामागं चिमाबाई. आणि चिमाबाईच्या मागं, दोघींनी धरलेला... निळा ड्रम!

प्रशांत खुर्चीतनं अर्धा उठला आणि तसाच अडकला. बोलावं, तर गावासमोर आईची अब्रू जाते. दारूबंदीच्या अध्यक्षेनं ड्रमभर बिअर मिरवत आणली! न बोलावं, तर टीम जाते. कबड्डीत सगळा खेळ दमाचा. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू पायजे. मधे ढेकर आला की दम तुटला, दम तुटला की गडी बाद!

तो धावला. "आये! आपल्या पोरांना नको गो! आधी... आधी पाहुण्यांना! पाहुण्यांना दे सगळी!"

चिमाबाईनं त्याच्या गालावरनं हात फिरवला. "किती मोठं मन माझ्या लेकाचं! पाहुण्यांना आधी देते. पण आपल्या पोरांना पण देणार. माझ्या पंगतीत भेद नाय!"

तिनं झाकण उघडलं. फस्स्स! असा आवाज झाला की पहिली रांग मागं सरकली. "ताजी हाय!" ती अभिमानानं म्हणाली आणि पेल्यांनी वाटायला लागली. डोळखांबवाल्यांनी दोन-दोन पेले मारले. आमच्या बंटीनं मारले. दोन्ही पंचांनी मारले. कुंडलिकपुढं पेला आला, त्यानं ड्रम ओळखला, प्रशांतकडं असं बघितलं, जसं बैल कसायाकडं बघतो. पण चिमाकाकीला नाय म्हणायची छाती कुणाची? प्याला बिचारा!

सेकंड हाफ सुरू.

धाकलू आला. "कबड्डी कबड्डी कबड्डी कब... ढ्यॉऽऽक!"

शिट्टी! दम तुटला, धाकलू बाद! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचा बंटी गेला. "कबड्डी कब... ढुर्रर्र!" बाद! त्यांचा दुसरा आला, रेषेवरच ढेकरला. बाद! आमचा दुसरा गेला. त्याचा ढेकर तर सुरुवातीलाच, कबड्डी मागनं आली! पंचानं शिट्टी वाजवायला तोंडात घेतली, तर शिट्टीतनंच ढेकर वाजला! हा पॉइंट कुणाचा यावर दोन्ही कॅप्टन भांडायला आले, आणि भांडताना दोघंही... म्हणजे एकटा धाकलूच ढेकरला. कुंडलिक नाय.

हो! कुंडलिक नाय! कारण कुंडलिकची आठवडाभर प्रॅक्टिस झालेली! गडी गेला, हनुवटी छातीला, पोट आत, "कबड्डी कबड्डी कबड्डी" अखंड, जशी पिठाची गिरणी! एकाला शिवून आला. परत गेला, दोघांना शिवून आला. लंगडत, पण दम पक्का. आठचे पाच झाले, पाचचे दोन झाले, आणि शेवटी उरला एकच पॉइंट!

आख्खं गाव उठून उभं! काळूमामा माइकमधे शिरायचाच बाकी. आणि त्याच वेळी मैदानाच्या कडेला धुरळा उडाला आणि पोलिसांची जीप येऊन थांबली. फौजदारसाहेब! खरं तर ते बक्षीस द्यायला आले होते. प्रमुख पाहुणे! पत्रिकेवर नाव होतं. पण प्रशांतनं पत्रिका वाचली होती कुठं? त्याला दिसली नुसती जीप, खाकी कपडे, आणि कानाशी काळूमामा माइकवर बेंबीच्या देठापासनं ओरडला,

"आली! रेड आली! शेवटची रेड आली!"

आता सांगा, जन्मापासनं कबड्डी बघणारा पोरगा. रेड म्हणजे चढाई, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. पण चोराच्या मनात चांदणं! प्रशांत ताडकन उठला, काळूमामाच्या हातातला माइक हिसकला आणि दोन्ही हात वर करून आख्ख्या पंचक्रोशीला सांगितलं,

"साहेब, आईला पकडू नका! मी केलीय! आंबील नाय ती, बिअर हाय! नाचणीची बिअर!"

कुठंतरी एक ढेकर ऐकू आला, तेवढाच.

चिमाबाई आली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं प्रशांतचा कान धरला, माइक घेतला आणि गरजली, "पाचवं शील मोडलंस? माझ्या हातानं गावाला पाजलीस? अरे, सकाळपासनं मीठ बघायला म्हणून मी सोता तीन पेले... ढ्यॉऽऽक!"

भोंग्यातनं तो ढेकर कसाऱ्यापर्यंत गेला असणार!

लहानीनं तोंडाला पदर लावला. बाईजा खाली बसली. फौजदारसाहेबांनी ड्रममधे वाकून बघितलं. ड्रम कोरडा! मुद्देमाल चौदा खेळाडू, दोन पंच आणि एका दारूबंदी समितीच्या पोटात! साहेब मिशीत हसले आणि म्हणाले, "मला कुठं काय दिसलं? खेळ चालू द्या!"

"तू इकडं ये!" चिमाबाईनं प्रशांतला कानानं ओढत कडेला नेलं आणि पेंढ्याच्या उडवीसमोर उभं केलं. "तोंड तिकडं! वळलास तर बघ!"

"आये, शेवटची रेड हाय गो! कुंडलिकची! एवढीच बघू दे!"

"पेंढा बघ!"

आणि प्रशांत पेंढा बघत उभा राहिला. मागनं आवाज येत होता. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." तोच एक आवाज, एका दमात, लांब, आणखी लांब. मग धप्प! मग कुणीतरी फरफटल्याचा आवाज. मग एक क्षण काहीच नाय. आणि मग असा जल्लोष, असा जल्लोष, की उडवीवरची पाखरं उडाली!

कुंडलिकनं धाकलूसकट तिघांना शिवून, त्यांना ओढत ओढत रेषा गाठली होती. पंचशील जिंकलं! एवढ्या वर्षांनी कप करवंदपाड्यात! कुंडलिकला खांद्यावर घेतला, कप त्याच्या हातात दिला, गुलाल उडाला, धाकलूसुद्धा नाचला. आणि प्रशांत? प्रशांतच्या कानावर आईचा हात आणि डोळ्यांपुढं पेंढा!

थोड्या वेळानं कान सुटला. प्रशांत वळला, तर कप टेम्पोत बसून मिरवणुकीला निघून पण गेला होता.

कुंडलिक मात्र धावत परत आला. घामानं निथळत, लंगडत, मिठीच मारली त्यानं. "पश्या! तुझ्यामुळं जिंकलो रे!"

प्रशांत लाल झालेला कान चोळायचा थांबला. "बिअरमुळं ना? तुझी प्रॅक्टिस झाली, म्हणून दम टिकला ना?"

"कसली बिअर! अरे, तू बघत होतास तवा आठनी मागं होतो. तू तोंड फिरवलंस आणि लगेच तीन पॉइंट! मी म्हणतच होतो, मोठी पनवती हाय ही. खरी निघाली!"

मंडळानं त्याच आठवड्यात मीटिंग घेतली आणि जुना ठराव रद्द केला. प्रशांतला आता गावाबाहेर जावं लागत नाय. दरवर्षी फायनलला त्याला बोलावणं जातं, हार घालतात, चहा देतात. त्याची स्वतःची खुर्ची आहे, मागं रंगानं नाव लिहिलेली. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध!

फक्त तोंड उडवीकडं.